चावी फिरवू नका: पुरात बुडालेल्या मस्टँगबद्दल

निपाणीच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. त्यांनी विमा कंपनीच्या लिलावातून 2017 ची फोर्ड मस्टँग घेतली. पुण्यातल्या एका सोसायटीच्या तळघरात गाडी उभी असताना बुडाली, पाणी स्टिअरिंगच्या खालच्या कडेपर्यंत चढलं. नंतर चार महिने ती यार्डात पडून होती. आता घरच्या तंबाखूच्या वखारीत आणून ठेवली आहे, पासिंग महाराष्ट्राचं आहे. त्यांना तीन गोष्टी हव्यात: नवी बॅटरी घालून एकदा स्टार्ट करून बघू का, इंजिन बदलावं लागेल का, आणि गाडी कर्नाटक पासिंग होऊन रस्त्यावर येईल का.

पहिल्याचं उत्तर आधी, कारण तिथेच गाडी वाचते किंवा जाते. स्टार्ट करू नका. नवी बॅटरी लावू नका. लाइट लागते का बघायला जुनी बॅटरीसुद्धा जोडू नका. जुनी अजून गाडीत असेल तर आधी काळी वायर, मग लाल, असं करून आजच बाहेर काढा. ओल्या कपलरमध्ये, म्हणजे तारा जिथे एकमेकींत खोचतात त्या प्लास्टिकच्या जोडात, करंट गेला की ज्या पिनेला कायम बारा व्होल्ट असतात ती पिन विरघळायला लागते. पाण्याने नुसती ओली झालेली पिन महिनोन्महिने तग धरते. ओली आणि चालू पिन काही तासांत खलास होते. शिवाय सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असेल आणि सेल्फ मारला तर पिस्टन ते पाणी दाबू शकत नाही. पाणी दबत नाही, मग पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमची गाडी बंद असताना बुडाली, म्हणजे रॉड आज बहुतेक सरळ आहेत. ते वाकवायचं काम आपण करायचं नाही.

यार्डातल्या कुणी जंपर लावून बघितलं होतं का, हे विचारून घ्या. फोनवर सरळ सांगणार नाहीत. बॅटरीच्या टर्मिनलवर चिमट्याच्या दातांचे ताजे ओरखडे असतात का, ते बघा.

मी बेळगावात उद्यमबागेजवळ गॅरेज चालवतो, सव्वीस वर्षं झाली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये तुमच्याच यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्या दोन्ही वेळा कोल्हापूर, सांगली, गोकाक, निपाणी, सगळीकडच्या गाड्या दोरीने ओढत आमच्याकडे आल्या. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. बुडालेली गाडी घेणारा माणूस इंजिनाला घाबरतो आणि वायरिंगकडे दुर्लक्ष करतो. ते उलटं हवं. इंजिन लोखंड-अॅल्युमिनियमचं आहे, ते उघडता येतं, मोजता येतं, आणि बेळगावात तर बोअर (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करणं), होनिंग (आतली भिंत हलकी घासणं), क्रँक ग्राइंडिंग या कामाला हात जुने आहेत. वायरिंग मात्र आतून कुजतं आणि वरून छान दिसतं. ही गाडी तुम्हाला सोडून जाईल ती वायरिंगमुळे.

पाना हातात घ्यायच्या आधी एक काम बसल्या जागी करा. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाकून आरसीची सद्यस्थिती बघा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, 75 टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात जातो. अशा गाडीची आरसी कधी चालू राहते, कधी रद्द केलेली असते. रद्द असेल तर तुम्ही मस्टँग घेतलेली नाही, मस्टँगचे पार्ट घेतले आहेत. मग एक रुपयाही खर्च करू नका. पार्ट विका, पैसे सुटतील. आरसी चालू असेल तर कर्जाचा बोजा उतरलाय का तेही बघा. आधीच्या मालकाने गाडी हप्त्यावर घेतलेली असेल आणि बँकेचं नाव अजून तिथे असेल तर बोजा उतरवण्याचा नमुना 35 लागेल, आणि तो तुम्हाला नंतर मिळवताना नाकी नऊ येतील. तो विमा कंपनीकडून आत्ताच मागा. लिलावाची पावती आणि गाडी सोडल्याचं पत्रही जपून ठेवा.

कागद सरळ निघाले, असं धरून पुढे सांगतो.

पाण्याची रेष स्वतः शोधा, यार्डवाल्याने सांगितलेली धरू नका. गाडी बाहेरून धुतलेली असते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. पट्ट्यावर जिथे मातकट डाग संपतो, तिथपर्यंत पाणी होतं. त्याला पुरावा म्हणून समोरच्या खांबाचं प्लास्टिक खोलून आतल्या फोमवर रेष बघा. रेष डॅशबोर्डच्या खाली असेल तर काम करण्यासारखं आहे. मीटर, एसीचा ब्लोअर, वरचं सगळं बुडून रेष काचेपर्यंत गेली असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: थांबा. मी अशी एक गाडी हाती घेतली होती आणि दीड वर्षाने ती तशीच परत दिली.

गाळाचा रंगही बघून ठेवा. कृष्णाकाठची गाडी आली की दाराच्या आत काळा चिकट गाळ, खानापूरकडची असेल तर तांबडी माती. तुमची तळघरातली, म्हणजे त्यात गटाराचं पाणी आलंच. नुसत्या नदीच्या पाण्यापेक्षा ते वाईट, कारण त्यातले क्षार तांब्याला लवकर खातात. हातमोजे आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय कार्पेटला हात लावू नका.

आता आतलं सगळं बाहेर. दोन्ही पुढच्या सीट, मागची सीट, मधलं कन्सोल, कार्पेट, त्याखालचा फोम, दारांच्या उंबऱ्याच्या पट्ट्या. मस्टँगच्या कार्पेटखाली जाड फोम असतो; वरून हात फिरवला तर कोरडा लागतो, आणि खाली दाबलं की चार महिन्यांनीसुद्धा बोटांतून काळं पाणी गळतं. तो फोम वाळवायच्या नादाला लागू नका, फेकून द्या. फरशीच्या पत्र्याला रबरी बुचं असतात, ती काढा म्हणजे पाणी खाली जाईल. धुताना साधा पाइप वापरा, प्रेशर वॉशर नको. प्रेशरने गाळ निघत नाही, आणखी आत कपलरमध्ये जाऊन बसतो.

वाळवण्याच्या बाबतीत तुम्ही माझ्यापेक्षा नशीबवान आहात. तंबाखूच्या वखारीत वारा खेळतो, आणि पान हातात घेऊन ओल किती आहे हे सांगणारी माणसं तुमच्या घरात आहेत. तोच अंदाज इथे लागतो. बेळगावच्या पावसाळ्यात आम्ही गाडी वाळवायला ठेवली तर ती आणखी ओली होते. जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी असतं की दार उघडं ठेवून उपयोग नाही. त्या चार महिन्यांत आम्ही रंगाच्या बूथमध्ये 50 अंशावर, दारं-काचा उघड्या ठेवून, सहा-आठ तास असे तीन-चार दिवस गाडी ठेवतो. तुमचं काम फेब्रुवारी ते मेमध्ये बसवता आलं तर बूथचे पैसे वाचतील. वखारीत गाडी चार स्टँडवर उचला, दोन पंखे एका बाजूने लावा, आणि तीन आठवडे काही जोडू नका. घाई होते, मला माहीत आहे. समोर दोन दारांची लाल गाडी उभी आहे आणि तिला हात लावायचा नाही, हे सोपं नाही.

त्या तीन आठवड्यांत इंजिन बघा. ऑइलचा बोल्ट पूर्ण काढू नका, अर्धा आटा सैल करून ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला असतं. आधी थेंब-थेंब स्वच्छ पाणी येतं, मग गढूळ, मग ताकासारखं पांढरट, आणि शेवटी काळं ऑइल. पाणी किती आलं ते बाटलीत मोजा. पेलाभर आलं तर आशा चांगली. दोन लिटर आलं तर खालचं अर्धं इंजिन उघडायची तयारी ठेवा. या पाच लिटरच्या व्ही-आठ इंजिनाला साडेसात लिटरच्या वर ऑइल लागतं, म्हणजे चेंबर मोठं आहे आणि पाण्याला जागाही तेवढीच.

मग प्लग. इथे बहुतेक जण एक चूक करतात. या इंजिनाचे प्लग खोल विहिरीत असतात, वर कॉइल बसलेली. पूर आला की त्या विहिरींच्या तळाला गाळ साचून वाळतो. कॉइल उपटून प्लग फिरवला की तो गाळ थेट सिलिंडरमध्ये पडतो, आणि मग जे इंजिन पाण्याने खराब झालं नव्हतं ते मातीने होतं. म्हणून कॉइल काढल्यावर प्रत्येक विहिरीत आधी हवा मारा, थोडं पेट्रोल टाका, परत हवा मारा, बारीक नळीने ओढून घ्या. आत टॉर्च मारून प्लगचं षटकोनी डोकं स्वच्छ दिसलं की मगच पाना लावा.

आठही प्लग निघाले की प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे गिअरचं पातळ ऑइल आणि डिझेल अर्धं-अर्धं मिसळून घाला आणि दोन दिवस तसंच सोडा. तिसऱ्या दिवशी पुढच्या पुलीच्या मधल्या बोल्टला लांब टॉमी (पान्याचा दांडा) लावून इंजिन हाताने, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, सावकाश फिरवा. अडलं तर जोर लावू नका, आणखी दोन दिवस द्या. फिरलं, की मोजमापाची साधी युक्ती सांगतो. लाकडी किंवा प्लास्टिकची सरळ काडी प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवा, पिस्टन पूर्ण वर आला की काडीवर खूण करा. आठही सिलिंडरला हेच करा. आठ खुणा एका रेषेत आल्या पाहिजेत. एखाद्या सिलिंडरला काडी मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त आत गेली तर त्या सिलिंडरचा रॉड वाकलाय, म्हणजे कुणीतरी सेल्फ मारला होता. मग कॅमेरा आत घालून सिलिंडरची भिंत बघा. ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहिले असतील तिथेच गंजाचा पट्टा दिसेल, बाकीचे कोरडे असतील.

गंज नुसता रंगासारखा असेल तर होनिंगने जातो. नखाला खड्डा लागत असेल तर बोअर करावं लागेल. तुमची 2017 ची आहे म्हणजे अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये लोखंडी लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवलेल्या नळ्या, आहेत, मशीनला सोपं काम. 2018 पासूनच्या इंजिनात लायनर नाहीत, भिंतीवर धातूचा फवारा मारून लेप दिलेला असतो. तिथे नेहमीचा हात चालत नाही. पार्ट मागवतानाही हा फरक सांगायला विसरू नका. हेडचे बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, ते एकदाच ताणायचे असतात. आमच्याकडे अजूनही काही मिस्त्री जुनेच बोल्ट घासूनपुसून घालतात. तुमच्या कामात ते होऊ देऊ नका. एवढं केल्यावर माझा अंदाज असा, की बंद असताना बुडालेलं हे इंजिन दहातल्या सात वेळा बदलावं लागत नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तसं नाही. त्याला श्वास घ्यायला वर एक नळी असते, तिथून पाणी आत जातं. ऑइल काढून बघा: लालसर आणि पारदर्शक असेल तर नशीब. गुलाबी दुधासारखं असेल तर नुसतं ऑइल बदलून, दोनदा-तीनदा फ्लश करून भागत नाही. आतल्या क्लच प्लेटांवर जो अस्तर चिकटवलेला असतो त्याचा गोंद पाण्याने सुटतो. गाडी आज चालेल आणि दोन हजार किलोमीटरवर गिअर घसरायला लागतील. गिअरबॉक्स उतरवून प्लेटा नव्या घाला. मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलला पण अशीच नळी आहे, त्याचं ऑइल बदला, बेअरिंग ऐका. ब्रेकचं ऑइल पूर्ण बदला. चारही चाकांची बेअरिंग बदलून टाका; आत बारीक गाळ गेला की ती सहाणेवर घासल्यासारखी झिजतात. अल्टरनेटर आणि सेल्फ उघडून साफ होतात. पेट्रोलची टाकी उतरवा. हे सगळं खर्चाचं आहे, खरं डोक्याला त्रास नाही.

आता वायरिंग. इथे सावकाश वाचा.

मस्टँगमध्ये वायरिंगचा मोठा गुच्छा दोन्ही उंबऱ्यांखालून, कार्पेटच्या बाजूने मागे जातो. बॉडीचा मुख्य कंट्रोल मॉड्यूल पायापाशी आहे, एअरबॅगचा मॉड्यूल मधल्या कन्सोलखाली. म्हणजे पाणी गुडघ्याएवढं चढलं तरी गाडीचा मेंदू बुडतो. प्रत्येक कपलर उघडायचा. शंभरच्या वर निघतील. प्रत्येकावर मास्किंग टेप लावून नंबर टाका, फोटो काढा, वहीत लिहा. कपलर उघडला की पिना बघा. चांगली पिन पिवळसर किंवा रुपेरी चमकते. वाईट पिनेवर हिरवी भुकटी दिसते, पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना, तसं. ती भुकटी खरवडून भागत नाही, कारण पिनेचा लेप खाल्ला गेलेला असतो. कळकलेली पिन कापायची आणि नवी, त्याच मापाची, दाबून बसवायची. डाग देऊन जोडू नका. झाळलेला जोड हलत्या गाडीत कडक होऊन तुटतो.

जे कपलर चांगले दिसतात ते आधी बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग कोमट हवेने वाळवा. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार मागे राहतात.

आणि एवढं करून दोन इंच मागे बघा. पाणी पिनेवर थांबत नाही. तारेच्या प्लास्टिकच्या आत, तांब्याच्या धाग्यांमधून ते दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं चढत जातं. कपलरच्या मागे दोन-तीन इंचावर प्लास्टिक थोडं सोला; आत तांबं लालसर असेल तर ठीक, काळं पडलं असेल तर आणखी मागे जा, लालसर तांबं लागेपर्यंत. गुच्छ्यात टेपखाली जिथे तीन-चार तारा एकत्र दाबून जोडलेल्या असतात, ते जोड तर हमखास उघडा. तेच सगळ्यात आधी कुजतात, कारण टेपने ओल धरून ठेवलेली असते.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. 2019 च्या पुरातली एक गाडी आम्ही तयार केली होती. त्यातही स्टिअरिंगला इलेक्ट्रिक मोटर होती, तुमच्या मस्टँगलाही तीच आहे, खाली रॅकवर. माझ्याकडच्या इलेक्ट्रिशियनने प्रत्येक तारेला मल्टिमीटर लावला. मला म्हणाला, ‘मामा, सगळ्या तारा सरळ दाखवतायत की ओ, बीप वाजतोय.’ मी पण बघितलं, बीप वाजत होता. गाडी दिली. पुढच्या पावसाळ्यात गिऱ्हाईक गोव्याहून परत येत होता. चोर्ला घाटात, कणकुंबीच्या अलीकडे, धुकं, पाऊस, रात्र, आणि वळणावर स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. त्याने दोन्ही हातांनी ओढून गाडी कडेला लावली. बायको आणि दोन मुलं गाडीत होती. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिथे जाऊन ती गाडी आणली. स्टिअरिंगच्या मोटरची जाड वायर सोलून बघितली: आतले सगळे धागे काळे भुगा, फक्त एकच धागा धड होता. त्या एका धाग्यावर मल्टिमीटरचा बीप वाजत होता. मीटर तारेतून नखाएवढा करंट पाठवतो, त्याला एक धागा पुरतो. मोटरला लागतो तेव्हा पुरत नाही. ती चूक माझी होती, इलेक्ट्रिशियनची नव्हे. काय तपासायचं ते मी सांगायला हवं होतं.

तेव्हापासून आम्ही बीपवर एकही तार पास करत नाही. तारेच्या एका टोकाला बारा व्होल्ट द्यायचे, दुसऱ्या टोकाला इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोडायचा, आणि बल्ब पेटलेला असताना तारेच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजायचं. चांगली तार जवळपास शून्य दाखवते. 0.2 व्होल्टच्या वर गेली की ती तार बदला. जाड तारांना हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब लावा. स्टिअरिंग, रेडिएटरचा पंखा, पेट्रोल पंप, एबीएस, या चार ठिकाणच्या जाड तारा मी आता तपासतसुद्धा नाही, सरळ नव्या ओढतो. सेन्सरच्या बारीक सिग्नल तारांना बल्ब लावू नका, आणि बल्ब लावताना दोन्ही टोकं मॉड्यूलपासून सुटी हवीत, नाहीतर मॉड्यूल जळेल. अर्थिंगचे बोल्ट सगळे उघडा, पत्रा चकचकीत घासा, परत कसून वर ग्रीस लावा. पुराच्या गाडीतले निम्मे भूतबाधेसारखे बिघाड अर्थिंगचे असतात.

बॅटरी जोडण्याआधी शेवटची एक तपासणी. स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. 60 ओहम आलं पाहिजे, कारण गाडीतले मॉड्यूल ज्या दोन तारांवर एकमेकांशी बोलतात त्यांच्या दोन टोकांना 120 ओहमचे दोन रेझिस्टर असतात. 120 आलं तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आलं तर कुठेतरी दोन तारा चिकटल्यात. 60 आल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. फोर्डमध्ये 3 आणि 11 वर दुसरी जोडी आहे, तीही बघा.

बुडालेले मॉड्यूल उघडून, अल्कोहोलने धुऊन, वाळवून काही वेळा चालू होतात. तसा चालू झालेला मॉड्यूल गाडीत कायमचा ठेवू नका. त्यातली माहिती वाचून काढण्यापुरता त्याचा उपयोग करा आणि ती नव्यात भरा. फोर्डसाठी फोरस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर आहे, मॉड्यूलची मूळ नोंद त्यातून वाचता-भरता येते. जुनी नोंद हातात नसेल तर नवा मॉड्यूल गाडीला ओळखतच नाही, चावीसुद्धा ओळखत नाही.

एअरबॅगबद्दल मी कुणाचं ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका. पाण्यात गेलेली प्रत्येक एअरबॅग, सीटबेल्टचा ओढणारा बारुदी भाग आणि त्यांचा मॉड्यूल नवा घालायचा. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण जगभर गाजलं ते कशामुळे? दमट हवेत वर्षानुवर्षं राहून आतली दारू खराब झाली, आणि फुगताना धातूचे तुकडे माणसांच्या गळ्यात घुसले. तिथे नुसती हवा दमट होती. तुमची तर गटारात बुडालेली आहे. मीटरमधला एअरबॅगचा लाइट विझवून देतो म्हणणारे भेटतील. लाइट विझतो, बॅग फुगत नाही. काढताना बॅटरी सुटी करून किमान दहा मिनिटं थांबा, मग पिवळे कपलर काढा, आणि त्यांना मल्टिमीटर कधीही लावू नका. तेवढ्या करंटनेसुद्धा बॅग फुटू शकते. जुन्या बाजारातून एअरबॅग घेऊ नका. पैसे पुरत नसतील तर रंग, चाकं, आवाजाचा सायलेन्सर, सगळं मागे ठेवा, हे नको.

पार्टचं म्हणाल तर फोर्डने 2021 च्या सप्टेंबरमध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. मस्टँग तशीही बाहेरूनच येत होती, त्यामुळे पार्ट अमेरिकेतूनच मागवावे लागतील. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचे पार्ट सहज मिळतात. डॅशबोर्डखालचं वायरिंग मागवताना मात्र जपून. तिकडच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, आपलं उजवीकडे, तो गुच्छा जसाच्या तसा बसत नाही. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाकडचा बघा.

तिसरा प्रश्न, पासिंग. पुण्याहून नमुना 28 ची एनओसी, मालकी बदलायला नमुने 29 आणि 30, सार्वजनिक लिलाव असेल तर नमुना 32. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली की तिथला नंबर घ्यावाच लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 47. तुमची निपाणी चिक्कोडी आरटीओत, म्हणजे केए 23. आता महत्त्वाचं: कर्नाटकात 20 लाखांच्या वरच्या गाडीला आजीवन टॅक्स 18 टक्के, वर उपकर. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, खरं धरला जातो गाडीच्या मूळ किमतीवर. तुम्ही लिलावात काय दिलं ते आरटीओ बघत नाही. 2016 मध्ये मस्टँग भारतात विकायला आली तेव्हा शोरूमची किंमत 65 लाखांच्या आसपास होती. हिशोब करा. आपल्या सीमाभागात कोगनोळीच्या अलीकडे-पलीकडे एमएच नंबरवर वर्षानुवर्षं गाड्या फिरवणारे आहेत. दोन दारांची मस्टँग लपत नाही, पहिल्याच नाक्यावर थांबवतील. टॅक्सचा आकडा चिक्कोडीत आधी लिहून घ्या आणि तो दुरुस्तीच्या खर्चात धरा. त्यानंतरही बाजारातल्या धड मस्टँगपेक्षा तुमची गाडी बरीच स्वस्त पडत असेल, तरच पुढे जा. माझ्या हातून झालेल्या अशा कामाला सात ते दहा महिने लागलेत, हेही धरा.

सर्वसमावेशक विमा घेताना गाडी बुडालेली होती हे सांगा, आणि केलेल्या कामाचे फोटो, पार्टची बिलं, तुमची ती कपलरची वही सोबत न्या. कधी विकली तर तीच वही घेणाऱ्याला दाखवा. त्याचीही बायकामुलं चोर्ला घाटातून जाणार आहेत.

गाडी रस्त्यावर आली की पहिले पाचशे किलोमीटर निपाणी सोडून जाऊ नका, रात्री नको, घाट नको. मग इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल परत एकदा बदला, राहिलेली ओल त्याबरोबर जाईल. पहिला पावसाळा झाला की खंडेनवमीला गाडीची पूजा कराल, त्याच्या आदल्या दिवशी दोन्ही उंबऱ्यांच्या पट्ट्या उचला आणि खालचे चार मोठे कपलर उघडा. पिना चमकत असतील तर ग्रीस लावून झाका. एखादी हिरवट दिसली तर तिच्या मागची तार लालसर तांबं लागेपर्यंत सोला, नवी पिन घाला, आणि वहीत तारीख टाका.